वेक्टरमध्ये गोलाई येते कुठून? ब्लेंड आणि थ्रीडी इफेक्ट, सोप्या भाषेत

एखादं चकचकीत वेक्टर चित्र, म्हणजे पिक्सेलऐवजी रेघा आणि आकारांनी बनलेलं चित्र, समोर येतं, रबरी पाइप वळवून लिहिल्यासारखी अक्षरं, नाहीतर बोट ठेवलं तर घसरेल इतका गुळगुळीत फुगा, आणि पहिला विचार हाच येतो की यामागे काहीतरी जबरी थ्रीडी सॉफ्टवेअर असणार. बऱ्याचदा तसलं काही नसतं. ती फाइल इलस्ट्रेटर या वेक्टर चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची, कंट्रोल आणि वाय दाबून आउटलाइन व्ह्यू, म्हणजे रंगांशिवाय नुसत्या कडा दाखवणारा प्रकार, लावायचा, की सगळं उघडं पडतं. आत नुसते सपाट आकार असतात, एकावर एक रचलेले, शेकड्यांनी, आणि प्रत्येकाचा रंग खालच्यापेक्षा किंचित वेगळा. गोलाई वगैरे तिथे काही नसते, ती आपले डोळे तयार करतात.

हे आतून कसं चालतं ते बघू, कारण ट्युटोरियलवाले बटणं दाखवतात, ही व्हॅल्यू टाका, ओके करा, झालं, पण तसंच्या तसं करूनही आपलं चित्र चपटं का दिसतं हे सहसा कोणी सांगत नाही. माझ्या मते कारण बहुतेक वेळा एकच असतं. मधलं भरायचं काम कॉम्प्युटरचं आणि टोकं ठरवायचं काम आपलं, ही वाटणी लक्षात घेतलेली नसते.

सुरुवात अगदी साध्या रेघेपासून. वळणदार रेघेचा एक तुकडा काढला की फाइलमध्ये चारच बिंदू साठतात, दोन अँकर पॉइंट, म्हणजे तुकड्याची दोन टोकं, आणि त्यांच्या हँडलची, म्हणजे वळण ओढणाऱ्या दांड्यांची, दोन टोकं. रेघ स्वतः कुठेच साठवलेली नसते, ती दरवेळी हिशोब करून काढली जाते, म्हणून तर वेक्टर कितीही मोठं केलं तरी फाटत नाही. हे गणित आलं मोटारींच्या कारखान्यातून बरं का. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ च्या सुमाराला ते बसवलं, गाडीच्या बॉडीची वळणं नेमकी मांडता यावीत म्हणून, पण कंपनीने ते बाहेर जाऊ दिलं नाही, आणि रेनोमधल्या पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात त्यावर स्वतंत्रपणे काम करून जगापुढे आणलं, म्हणून नाव लागलं ते बेझिए कर्व्ह.

कास्तेल्जोंची रीत हाताने करून बघण्यासारखी आहे. चार बिंदू ओळीने जोडा, तीन रेघा मिळतात. प्रत्येक रेघेचा मध्य घ्या, ते तीन बिंदू जोडा, दोन रेघा झाल्या. त्यांचे मध्य जोडा, एक रेघ उरली, आणि तिचा मध्य नेमका वळणावर पडतो. मध्याऐवजी सगळीकडे पाव अंतर घेतलं तर वळणावरचा दुसरा बिंदू, पाऊण घेतलं तर तिसरा. म्हणजे साधी वळणदार रेघ हासुद्धा 'या दोघांच्या मधलं काढ' एवढाच खेळ आहे, फक्त तो पुन्हा पुन्हा केलेला.

ब्लेंड म्हणजे हाच हिशोब, बिंदूंऐवजी अख्ख्या आकारांवर. समजा एक वर्तुळ १०० पॉइंट रुंदीचं (हा पॉइंट मापाचा, अँकर पॉइंट नव्हे) आणि दुसरं ४० चं, आणि तुम्ही मध्ये ५ स्टेप्स मागितल्या, तर फरक ६० चा, तो ६ टप्प्यांत वाटला जातो, आणि मधली वर्तुळं येतात ९०, ८०, ७०, ६०, ५० ची. जागेचंही तसंच, रंगाचंही तसंच, ओपॅसिटीचंही, म्हणजे आकार किती अपारदर्शक आहे त्याचंही, तसंच. संपला विषय. हे टूल इलस्ट्रेटरमध्ये १९८८ पासून आहे, त्या व्हर्जनचं नावच इलस्ट्रेटर ८८ होतं, आणि तेव्हा त्यात ग्रेडियंट, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात सरकणारा भराव, नावाचा प्रकारच नव्हता, त्यामुळे कुठलीही छटा हवी असली की ब्लेंडच करावा लागायचा. पुढे १९९८ मध्ये आठव्या व्हर्जनपासून ब्लेंड लाइव्ह झाला, म्हणजे टोकाचा आकार हलवला की मधले सगळे आपोआप हलतात. आज आपण हे गृहीत धरतो पण त्याआधी काही बदलायचं तर मधलं सगळं डिलीट करून परत ब्लेंड करत बसा, असा प्रकार होता.

वापरायला सोपं आहे. दोन्ही आकार सिलेक्ट करून कंट्रोल, ऑल्ट आणि बी, किंवा डब्ल्यू दाबून ब्लेंड टूल घ्यायचं आणि आधी एका आकारावर मग दुसऱ्यावर क्लिक. टूलवर डबल क्लिक केलं की स्पेसिंगचे तीन पर्याय येतात. स्मूथ कलरमध्ये सॉफ्टवेअर स्वतः ठरवतं किती स्टेप्स हव्यात, स्पेसिफाइड स्टेप्समध्ये आकडा आपण देतो, आणि स्पेसिफाइड डिस्टन्समध्ये दोन आकारांतलं अंतर आपण देतो. रंगाची छटा हवी तर पहिला, मोजकी रिपीट डिझाइन हवी तर दुसरा, आणि लांबलचक वळणदार काही करायचं तर तिसरा.

आता गंमत अशी की हे टूल आकारांना ओळखत नाही, ते फक्त अँकर पॉइंट बघतं. एका आकाराला ४ पॉइंट आणि दुसऱ्याला ११, तर कुठला कुठे जुळवायचा हे ते आपल्या परीने ठरवतं आणि मध्ये पिळलेल्या चिंध्या तयार होतात. म्हणून गोलाई द्यायची असेल तेव्हा दुसरा आकार नव्याने काढायचाच नाही. पहिल्याचीच कॉपी घ्यायची, लहान करायची, डायरेक्ट सिलेक्शन टूलने एकेक पॉइंट हवा तसा सरकवायचा, पण संख्या आणि क्रम तोच. तरी पीळ पडला तर ब्लेंड टूलने दोन्ही आकारांवर एकमेकांशी जुळणाऱ्या अँकर पॉइंटवरच नेमकं क्लिक करायचं, बहुतेक वेळा सुटतो.

रंगाचं तर याहून वाकडं. निळ्यापासून पिवळ्यापर्यंत ब्लेंड केला की मध्ये छान हिरवा येईल असं वाटतं, रंगपेटीतल्या सवयीने, पण येतो करडा. का, तर आरजीबीमध्ये, म्हणजे लाल, हिरवा, निळा यांच्या ० ते २५५ आकड्यांत, निळा म्हणजे ०, ०, २५५ आणि पिवळा म्हणजे २५५, २५५, ०, आता तिन्ही आकड्यांचे मध्य काढा, १२८, १२८, १२८, म्हणजे शुद्ध राखाडी. कॉम्प्युटरचं काहीच चुकलेलं नाही, त्याला मधलं विचारलं होतं, त्याने मधलं दिलं. यावर उपाय एकच, मध्ये तिसरा आकार ठेवायचा आणि त्याला हवा तो रंग द्यायचा, म्हणजे निळा ते हिरवा आणि हिरवा ते पिवळा असे दोन छोटे प्रवास होतात आणि मळकटपणा जातो.

हा तिसरा आकार फक्त रंगासाठी नाही, आणि इथे मी जरा जास्त थांबणार आहे कारण चपट्या दिसणाऱ्या चित्रांचं मूळ बहुतेक इथेच असतं. गोळा काढायचा म्हणून लोक काय करतात, एक मोठं गडद वर्तुळ, त्यात एक छोटं उजळ वर्तुळ, आणि ब्लेंड. चकचकीत छटा येते, पण नीट बघा, तो गोळा दिसत नाही, वरून बघितलेला शंकू दिसतो. कारण ब्लेंडमध्ये उजेड एकसारख्या चालीने कमी होत जातो, आणि खऱ्या गोळ्यावर तो तसा होत नाही. योहान लॅम्बर्टने १७६० मध्ये मांडलेला नियम आहे, की मॅट पृष्ठभागावर किती उजेड दिसेल हे तो भाग दिव्यापासून किती कोनात वळलाय त्याच्या कोसाइनवर ठरतं. दिवा अगदी समोर धरला तर मध्यापासून काठाकडे अर्ध्या वाटेवर उजेड असतो साधारण ८७%. हो, अर्ध्या वाटेवर अजून जवळजवळ पूर्णच उजेड. काठाकडे ९०% अंतर गेल्यावरही ४४% शिल्लक असतो, आणि मग शेवटच्या एवढ्याशा पट्टीत धाडकन अंधार. साधा ब्लेंड मात्र अर्ध्या वाटेवरच उजेड अर्धा करून टाकतो.

मग करायचं काय, तर दोनऐवजी चार वर्तुळं घ्यायची. मध्यावरचं सगळ्यात उजळ, अर्ध्या त्रिज्येवर त्याहून किंचितच गडद, काठाजवळ निम्म्याच्या आसपास, आणि काठावर पूर्ण गडद. हा एक बदल करून बघा, दुसरं काहीही न शिकता तुमचे गोळे, फुगे, गाल, नाकं सगळं फुगून वर येईल. दिवा क्वचितच समोर असतो हेही आहेच, म्हणून आतली वर्तुळं दिव्याच्या बाजूला सरकवायची, पण सगळी सारखी नाही, सगळ्यात आतलं जास्त आणि बाहेरची कमी. आणि सावलीच्या बाजूचा अगदी काठ जमिनीवरून परतणाऱ्या उजेडाने थोडा उजळतो, तिथे एक बारीक चंद्रकोर दिली की वस्तू पार्श्वभूमीपासून सुटी होते. चकाकी मात्र शेवटी, वेगळ्या आकारात, आणि तिची कड बऱ्यापैकी कडक ठेवायची. मऊ चकाकी म्हणजे मॅट वस्तू, कडक चकाकी म्हणजे पॉलिश, डोळा हे लगेच पकडतो.

सावली पाडायची तरी ब्लेंडच. आतला आकार गडद आणि पूर्ण ओपॅसिटीचा, बाहेरचा मोठा आकार त्याच रंगाचा पण ओपॅसिटी ०, आणि बाहेरचा खाली, आतला वर. पारदर्शक आकार एकावर एक आले की खालचे वरून दिसून मध्ये काळं गिच्च होईल अशी शंका येते, पण इलस्ट्रेटरमध्ये ब्लेंड मुळात नॉकआउट ग्रुप म्हणूनच बनतो, म्हणजे त्याच्या स्टेप्स एकमेकांतून आरपार दिसत नाहीत. वस्तू जिथे जमिनीला टेकते तिथे मात्र अजून एक छोटी, जास्त गडद, कडक कडेची सावली हवीच, नाहीतर वस्तू तरंगते.

पाइपसारख्या अक्षरांकडे येऊ, कारण सगळ्यांना तेच हवं असतं. एक छोटं वर्तुळ, स्ट्रोक म्हणजे कडेची रेघ नाही, आत ग्रेडियंट. त्याची कॉपी, दोघांत ब्लेंड, डिस्टन्स १ पॉइंट. मग पेन्सिलने एक सुरेख वळणदार रेघ काढायची, ब्लेंड आणि रेघ दोन्ही सिलेक्ट करून ऑब्जेक्ट, ब्लेंड, रिप्लेस स्पाइन (स्पाइन म्हणजे ब्लेंड ज्या रेघेवर चालतो ती). वर्तुळं त्या रेघेवर धावायला लागतात. पत्त्यांचा कॅट टेबलावर पसरल्यावर प्रत्येक पत्त्याची फक्त कड दिसते आणि अख्खा पत्ता शेवटचाच, अगदी तसंच इथे होतं. आणि याच्यातून एक गोष्ट निघते जी ट्युटोरियलं सांगत नाहीत. वर्तुळात रेडियल ग्रेडियंट टाकला, मध्ये उजळ आणि कडेने गडद, तर सगळीकडे कडच दिसणार, आणि कड सगळीकडे एकाच रंगाची, त्यामुळे पाइप सपाट पट्टीसारखा दिसतो आणि टोकाला एकच टपोरा मणी. लिनियर ग्रेडियंट टाकला की कडेचाच रंग एका बाजूला उजळ आणि दुसऱ्या बाजूला गडद होतो, आणि पाइप गोल होतो. रेघ ज्या भागात ग्रेडियंटच्या दिशेनेच धावते तिथे परिणाम जरा मंदावतो, म्हणून ग्रेडियंट ४५ अंशात तिरका ठेवलेला बरा, आडव्या-उभ्या दोन्ही वळणांना सांभाळून घेतो. ब्लेंडच्या ओरिएंटेशनमध्ये अलाइन टु पेज ठेवा, कारण अलाइन टु पाथ केलं की वर्तुळ रेघेबरोबर गिरक्या घेतं आणि त्याबरोबर उजेडाची बाजूही फिरते, म्हणजे दिवाच वस्तूभोवती पळतोय असं काहीतरी. अक्षर स्वतःला ओलांडतं तिथे चुकीची बाजू वर आली तर रिव्हर्स फ्रंट टु बॅक.

स्टेप्स किती, हा नेहमीचा प्रश्न. जितक्या जास्त तितकं गुळगुळीत असं वाटतं पण त्याला मर्यादा आहे. ८ बिटच्या रंगात एका चॅनेलच्या २५६ पायऱ्या असतात, त्यापेक्षा जास्त स्टेप्स मागितल्या तरी रंग तेच परत परत येणार. प्रिंटचं तसंच, इंचाला २४०० बारीक बिंदू (डीपीआय) टाकणाऱ्या मशीनवर १५० लाइनचा स्क्रीन, म्हणजे इंचाला छपाईच्या ठिपक्यांच्या १५० ओळी, लावला तर एका ठिपक्याला १६ गुणिले १६ म्हणजे २५६ च छटा मिळतात. आता २०% काळ्यापासून ५०% काळ्यापर्यंत जायचं असेल तर फरक ३०% चा, म्हणजे २५६ पैकी साधारण ७७ पायऱ्या हाताशी. हाच बदल २० सेंटिमीटरवर पसरवला तर एकेक पट्टी अडीच मिलिमीटरहून रुंद होते, आणि ती डोळ्याला दिसते. प्रेसवाल्याला दोष देऊन उपयोग नाही. रंगांतला फरक वाढवा, नाहीतर पट्टा छोटा करा.

आता थ्रीडी इफेक्ट. इलस्ट्रेटरमध्ये तो २००३ च्या सीएस व्हर्जनमध्ये आला. एक्स्ट्रूड म्हणजे सपाट आकाराला जाडी देणं, आणि त्याच्या कडा तासायच्या तर बेव्हल. रिव्हॉल्व्ह म्हणजे अर्धी बाह्यरेषा उभ्या अक्षाभोवती फिरवणं, बाटली, बल्ब, लट्टू असलं काहीही त्यातून निघतं. बाटलीची निम्मी बाजूच काढायची, अक्ष कुठल्या कडेला ते सांगायचं, डावीकडून की उजवीकडून, आणि ते चुकलं तर बाटलीऐवजी भलतंच काही, बहुतेक वेळा टायर, तयार होतं. लेबल लावायचं असेल तर ते आधी सिम्बॉल, म्हणजे परत परत वापरता येणारं चित्र, म्हणून सेव्ह करायचं आणि मग मॅप आर्टमधून हव्या त्या पृष्ठभागावर चिकटवायचं, ते वळणाबरोबर वळतं.

पण मला या डायलॉगमध्ये सगळ्यात आवडते ती मोअर ऑप्शन्स दाबल्यावर दिसणारी एक छोटी चौकट, ब्लेंड स्टेप्स. डिफॉल्ट २५, जास्तीत जास्त २५६. म्हणजे एवढा दिवा, चकाकी, कोन सगळा थाट करून शेवटी हा इफेक्टही पृष्ठभागाच्या पट्ट्याच पाडतो आणि त्यांना क्रमाने रंग भरतो. फिरवलेल्या बाटलीवर पट्टे दिसतायत म्हणून लोक वैतागतात, तेव्हा हाच आकडा वाढवायचा असतो. सरफेसमध्ये डिफ्यूज शेडिंग निवडलं की मॅट दिसतं आणि प्लास्टिक शेडिंग निवडलं की त्यावर चकाकी येते. अँबियंट लाइट फार चढवू नका, सावलीची बाजूही उजळते आणि वस्तू परत चपटी.

हा इफेक्ट अपिअरन्स पॅनेलमध्ये लाइव्ह राहतो, मूळ रेघ बदलली की बाटलीही बदलते. म्हणून एक्स्पांड अपिअरन्स, म्हणजे इफेक्टचे कायमचे साधे आकार करून टाकणं, शेवटच्या क्षणापर्यंत करू नये, आणि करायचंच तर लाइव्ह कॉपी बाजूला लपवलेल्या लेयरमध्ये ठेवून. २०२१ च्या शेवटी नवीन थ्रीडी आणि मटेरियल्स पॅनेल आलं, त्यात इन्फ्लेट आहे, आकार फुग्यासारखा फुगवणारं, आणि रे ट्रेसिंगही आहे, म्हणजे उजेडाच्या किरणांचा हिशोब करून काढलेलं चित्र, दिसतं झकास, पण रे ट्रेसिंगने जे येतं ते पिक्सेलचं चित्र असतं हे विसरू नये. जुना इफेक्ट थ्रीडी क्लासिक नावाने तिथेच खाली आहे, आणि स्वच्छ वेक्टर आकार हवे असतील तर मी अजूनही त्याच्याकडेच जाईन.

आणि काही वेळा थ्रीडी इफेक्टच नको. आयकॉन, नकाशे, खोल्यांची चित्रं यांच्यासाठी आयसोमेट्रिक पद्धत पुरते, म्हणजे लांब गेलं तरी लहान न होणारा तिरका खोका. सपाट चौकोन उंचीला ८६.६०२% करायचा, मग ३० अंश शिअर म्हणजे तिरपा ढकलायचा, मग ३० अंश रोटेट, दिशा बाजूनुसार बदलते, वरची, डावी, उजवी, आणि तीन तुकडे जुळले की खोका तयार. तो ८६.६०२ म्हणजे ३० च्या कोसाइनचाच आकडा, वर गोळ्याच्या अर्ध्या वाटेवर जे ८७% आलं होतं तोच हा, फक्त पूर्णांकात न आणलेला. तीन बाजूंना तीन सपाट छटा, वरची उजळ, एक मध्यम, एक गडद, बस.

इलस्ट्रेटर नसेल तर अडत नाही. कोरलड्रॉमध्ये ब्लेंड, कंटूर, एक्स्ट्रूड सगळं आहे, एक्स्ट्रूडला तीन दिवे लावता येतात. फुकटातलं इंकस्केप घेतलं तर एक्स्टेन्शन मेनूमध्ये इंटरपोलेट सापडेल, तो लाइव्ह नाही, त्यामुळे टोकं पक्की करूनच चालवायचा, आणि व्हॅनिशिंग पॉइंटवाला थ्रीडी बॉक्सही त्यात आहे.

चेहरा, कापडाच्या चुण्या असलं वेडंवाकडं काही असेल तर मात्र ब्लेंडशी झटापट करण्यापेक्षा ग्रेडियंट मेश घ्यावा, जाळीच्या प्रत्येक गाठीला वेगळा रंग देता येतो. वेळ फार खातो. आणि मेश झालेल्या आकारात परत ब्लेंड चालत नाही, त्यामुळे क्रम आधीच ठरवा.

शेवटी फाइल बाहेर काढताना दोन ठिकाणी बघायचं. ब्लर, फेदर (कड मऊ करणारा), ड्रॉप शॅडो हे इफेक्ट वेक्टर फाइलमध्ये असूनही पिक्सेलच असतात आणि त्यांचं रिझोल्यूशन इफेक्ट मेनूतल्या डॉक्युमेंट रास्टर इफेक्ट्स सेटिंग्जवर ठरतं, छपाईला जाणार असेल तर ते ७२ वर राहिलंय का बघून ३०० करा, आणि शक्यतो सुरुवातीलाच करा कारण नंतर बदललं की ब्लर दिसतो कसा तेही थोडं बदलतं. दुसरं म्हणजे वेबसाठी एसव्हीजी, वेबसाइटवरच्या वेक्टर चित्रांचा फॉरमॅट. त्या फॉरमॅटला ब्लेंड माहीतच नाही, त्यामुळे ४०० स्टेप्सचा पाइप म्हणजे फाइलमध्ये ४०० वेगळे आकार जातात आणि ब्राउझर रडकुंडीला येतो. मेशलाही त्यात जागा नाही, तो चित्र बनून आत चिकटतो. तिथे स्टेप्स कमी करायच्या, जिथे साध्या लिनियर किंवा रेडियल ग्रेडियंटने भागतं तिथे तोच वापरायचा, आणि तरीही फाइल जड वाटली तर सरळ हव्या त्या साइजचं पीएनजी काढून द्यायचं.